दगडाबाईच्या नऊ विहिरी

सांगोल्यात आमच्या मेंढपाळ सोसायटीची एक खोली आहे. तिच्या दारासमोरच्या भिंतीवर काचेची चौकट लटकते. चौकटीत टाइप केलेला कागद आहे. वर मथळा : 'मारवाडच्या वाळवंटी भागातून मेंढे आणण्याच्या प्रवासाची आखणी, सन १९७५.' खाली मुक्काम, विहिरी, चालायच्या नि थांबायच्या वेळा. सगळ्यात खाली आखणी करणाऱ्यांची तीन नावं. पहिलं साहेबांचं, दुसरं जनावरांच्या डॉक्टरांचं, तिसरं आमच्या चेअरमनचं.

मी त्या भिंतीकडं तोंड करून सोसायटीची पत्रं लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडं आलं. तीन वर्षं झाली, त्या काचेवर नजर गेली की माझं पेन थांबतं. त्या कागदातली एकही ओळ त्या तिघांच्या डोक्यातून निघालेली नाही. ज्या बाईच्या तोंडून ती निघाली तिचं नाव तिथं नाही. आणि तिच्या तोंडचं उतरवून साहेबांच्या हातात देणारा हात माझा होता. म्हणून हे लिहिणं माझ्याकडं लागतं.

दगडाबाई आमच्या धनगरवस्तीवरची. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिचं नाव दगड ठेवलं, म्हणजे काळाची नजर तिच्यावर पडू नये. काळानं तिला सोडलं, पण तिच्या आसपासची माणसं नेली. नवरा पस्तिशीत गेला. तेव्हापासून वस्तीची मेंढरं तिच्या काठीमागं चालतात. बाई उंच, काटक, कपाळावर गोंदण, काष्टा पोटरीच्या वर खोचलेला. बोलणं थोडं. बोलली की ऐकणाऱ्याला आपण फार वेळ बडबडत होतो असं वाटावं.

मेंढरं घेऊन परमुलखात जायची आमची एक रीत आहे. कळप निघायच्या आधी एक जाणतं माणूस एक दिवस पुढं जातं. पाणी कुठं आहे, चारा किती आहे, काटा कुठला आहे, हे ते डोळ्यांनी बघतं. मग कुणा शेतकऱ्याशी बोलून त्याच्या रानात मेंढरं बसवायचं ठरवतं. मेंढरांच्या लेंड्यांनी रान पिकतं, म्हणून शेतकरी ज्वारी देतो, पाणी देतो. पुढं गेलेलं माणूस परत येऊन 'उठा' म्हणालं तरच कळप उठतो. आमच्या वस्तीत ते माणूस म्हणजे दगडाबाई.

बहात्तरच्या दुष्काळात माणदेशातल्या वस्त्या ओस पडल्या. मेंढरं बाभळीखाली उभ्याउभ्या मेली. दगडाबाईनं चौसष्ट मेंढरं घेऊन जुनोनी, नागज, कवठे, मिरज करत कृष्णाकाठ गाठला. परत आली तेव्हा सत्तावन्न होती. त्या साली बाकीच्यांची निम्मीसुद्धा परत आली नव्हती. हे मी ऐकलेलं सांगत नाही. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. ती वाघर खांद्यावर घेऊन तिच्यामागं मी चाललो होतो.

दुष्काळानं जी वाचली ती मेंढरं खुजी निपजायला लागली. तेव्हा सरकारी योजना आली. मारवाडच्या वाळवंटात मेंढ्यांची एक उंच जात आहे. काटे खाऊन जगते, उन्हाला दाद देत नाही. तसले चाळीस मेंढे ट्रकनं आणायचे आणि अकरा वस्त्यांत वाटायचे. चाळीस मेंढे जिवंत आले तर आमचे कळप पुन्हा उभे राहणार होते. मेले तर दुसऱ्यांदा कुणी आणून देणार नव्हतं.

सोलापूरच्या कचेरीतले साहेब जीपनं सभेला आले. वयानं तरुण, कपडे परीटघडीचे. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला, लाकडी पट्टी ठेवली आणि सांगोल्यापासून वर उजाड पिवळ्या भागापर्यंत एक रेघ मारली.

"इथून बाडमेर चार दिवस," ते म्हणाले. "तिथून वाळवंटात दीडशे मैल आत जायचं. मेंढे घ्यायचे, भरायचे, परत फिरायचं. एकतीस मार्चच्या आत सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर मंजुरी परत जाते."

दगडाबाई दाराशी बसली होती. खुर्च्या होत्या, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"सायेब, या रेघंवर पानी कुटं हाय?"

"तीन ड्रम नेणार आहोत, बाई."

"तीन ड्रम म्हंजी चाळीस मेंढ्यास्नी दोन दिस. त्यात गाडीचं इंजिन पिनार, मानसं पिनार. तुमची रेघ तर लई लांब गेल्याली दिसती."

"वाटेत मिळेल की."

"कुटं?"

साहेब हसले. "तुम्ही कधी गेलात का वाळवंटात?"

"न्हाय," दगडाबाई म्हणाली. "तुमी?"

आमचे चेअरमन रामहरी दगडाबाईच्याच भावकीतले. ते नको तेवढं खोकले आणि चहा सांगायला उठले. साहेबांचे कान तांबडे झाले. नकाशाची घडी घालत ते म्हणाले, "मग तुम्हीच ठरवा की कसं जायचं. द्या लिहून आठ दिवसांत."

हा टोमणा होता. सगळ्यांना कळला. तिलाही कळला असणार. पण तिनं तो काम म्हणून उचलला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मास्तर, चला. एक दिस म्होरं जावं लागंल." मी मास्तर नाही, पण लिहिता येतं म्हणून ती मला तसं म्हणायची.

"मावशी, मारवाडला एक दिवस पुढं कसं जाणार?"

"तितनं हिकडं कोन तरी आल्यालं असंल की. म्हंजी ते म्होरं जाऊनच आल्यालं हाय. त्येला इचारायचं."

तसा माणूस तिच्या माहितीत होता. लोकर घेऊन सोलापूरला गेली की ती ज्या पेठेत उतरायची, तिथं कापडाच्या एका गोदामावर म्हातारा रखवालदार होता. डोक्यावर मोठा फेटा, कानात बाळ्या. तिच्या लोकरीच्या गाठोड्यात हात घालून तो एकदा रडवेला झाला होता, एवढंच तिला ठाऊक होतं. "लोकर शिवून डोळ्यात पानी येनारा मानूस मेंढराचाच असतुय," ती म्हणाली.

एस.टी.नं आम्ही सोलापूरला गेलो. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा गोदामाच्या पायरीवर पोचलो होतो. दगडाबाईनं पदरातली भाकरी सोडून निम्मी त्याच्यापुढं केली आणि आपला बेत सांगायला लागली. मुक्काम रोजच्या रोज, उन्हात थांबायचं, आणि खाण्यापिण्याची काळजी नाही. रोज संध्याकाळी कुणा तरी शेतकऱ्याच्या रानात मेंढे बसवायचे. तो धान्य देईल, कडबा देईल, विहिरीवर पाणी पाजू देईल.

म्हातारा हसायला लागला. फेटा काढून मांडीवर घेतला तरी त्याचं हसू थांबेना. "बाई, तिकडे खेत कुठे आहे? मेंढी कोणाच्या खेतात बसवणार तू? आमच्याकडे माणूसच मेंढीच्या मागे बसतो."

दगडाबाईचा चेहरा मी त्याआधी कधी पडलेला पाहिला नव्हता. जगात जमीन आहे तिथं रान असणार, आणि रान आहे तिथं लेंडीखताला मान असणार, हे ती धरूनच चालली होती. आमच्यापैकी कुणीही तेच धरलं असतं. तिनं उरलेली भाकरी पदरात बांधली. मग म्हणाली, "बरं झालं हासलास. तितं जाऊन कळलं असतं तर मेंढं मेलं असतं. आता समदं सांग."

त्यानं सगळं सांगितलं. त्या दीडशे मैलांत नऊ विहिरी. कुठली गोड, कुठली खारी, कुठल्या विहिरीला किती हात दोर लागतो, कुठं उंट लावून पाणी ओढतात, कुठं परक्याच्या जनावराला गावच्या जनावरांनंतर पाजायचं असतं. "खारं पाणी मेंढा पहिल्या दिवशी पितो," तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी हगवण लागते, तिसऱ्या दिवशी बसतो. बसलेला मेंढा उठत नाही."

तिकडची नावं आमच्या तोंडात बसेनात. तेव्हा दगडाबाईनं प्रत्येक विहिरीला आपल्या वाटेवरचं नाव दिलं. जुनोनीच्या उतारावर आडबाजूला पाणी असतं तशी पहिली, म्हणून ती जुनोनी. दुसरी टेकाडाच्या पोटात, ती नागज. खारी निघाली तिला तिनं तिच्या एका जावेचं नाव दिलं. म्हाताऱ्याला त्याचा अर्थ सांगितल्यावर तो पुन्हा हसला. असं करत नऊ विहिरी तिच्या पायांना ओळखीच्या झाल्या. सातवी विहीर त्याच्या स्वतःच्या गावची. तिचं पाणी सगळ्यांत गोड, असं तो दोनदा म्हणाला. "तिथे माझी बहीण असेल. असली तर सांग, मी आहे."

पुढचे दोन दिवस आमच्या सोप्यात बसून मी तिचं बोलणं उतरवून काढलं. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं, उन्हं उतरल्यावर पुन्हा. ड्रम कधीच पुरता रिकामा करायचा नाही. मेंढरू अनोळखी पाण्याला तोंड लावत नाही, म्हणून मागच्या विहिरीचं निम्मं पाणी ठेवायचं, पुढच्या विहिरीचं त्यात मिसळायचं आणि वास ओळखीचा करून पाजायचं. मेंढ्यांची शिंगं एकमेकांना लागू नयेत म्हणून ट्रकच्या हौद्यात आडव्या बांबूंचे चार कप्पे करायचे. जमलं तर प्रवास दिवाळीनंतर ठेवायचा, विहिरी भरलेल्या असताना. मंजुरीमुळं ते जमणार नाही, हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मेंढरास्नी मार्च कळत न्हाय, मास्तर. पर लिव."

आणि शेवटी : "डायवर, किलीनर, डाक्टर, आन् चौथ्या जागंवर मी. हौद्यात कानफाट्या."

कानफाट्या तिचा खच्ची केलेला मेंढा. सात वर्षांचा. कोकरू असताना लांडग्यानं कान फाडलेला, म्हणून हे नाव. तो कळपाच्या पुढं चालतो. ओढा असो, पूल असो, तो शिरला की बाकीचे शिरतात. नव्या पाण्याला तोंड आधी तो लावतो.

"मावशी, मेंढे आणायला इथून मेंढा न्यायचा? लोक हसतील."

"हासू देत. वळखीच्या मेंढरामागं मेंढरू इस्तवात जातं. बिनवळखीच्या मानसामागं हिरव्या रानात बी जात न्हाय. चाळीस परकं मेंढं फळीवरनं ट्रकात कोन चडीवनार? सायेब?"

साहेब पुन्हा आले तेव्हा मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला. मग बसून वाचला. मग घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे." मला वाटलं, बाईचं सोनं झालं. असा खुळा मी.

पंधरा दिवसांनी टाइप केलेला कागद आला. नऊ विहिरी होत्या. दोरांचे हात होते, थांबायच्या वेळा होत्या, पाण्यात पाणी मिसळायचं होतं, बांबूचे कप्पे होते. शेवटची एक ओळ तेवढी नव्हती. तिच्या जागी ती तीन नावं होती. मी तो दगडाबाईला वाचून दाखवला. वाचून संपल्यावर तिनं विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

त्या आठवड्याच्या सभेत ती दाराशी बसली नाही. सरळ टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, कागुद समदा माजा हाय. मग मी का न्हाय?"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं होतं. त्यांनी तिला लहान पोराला समजावतात तसं समजावलं. "बाई, तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं यात घेतलं आहे. मग आता तुमची गरज काय उरली? बाईमाणूस, तीन पुरुषांच्या गाडीतून एवढ्या लांब. उद्या काही झालं तर उत्तर कोणी द्यायचं? आणि तो मेंढा. मेंढ्यांच्या मुलखात मेंढा घेऊन जायचं म्हणजे..."

खोलीत हसू पसरलं. कोण हसलं? बहात्तर साली जिच्या मागं चालून ज्यांची मेंढरं कृष्णेचं पाणी प्याली, ते हसले. रामहरी हसले. ते अजून सोसायटीत येतात, नमस्कार घालतात, मी घेतो, पण त्या हसण्याची नोंद मी खोडलेली नाही.

दगडाबाई म्हणाली, "सांगितल्याली वाट आन् चालल्याली वाट एक नसती. इहिरीत पानी हाय का न्हाय ते कागुद वाकून बगत न्हाय." आणि ती निघून गेली.

ट्रक आला तो बाजाराच्या दिवशी. ड्रम नि बांबू बसवायचे होते. ट्रक चालवणारा शिवलिंगप्पा, मंद्रूपचा. पन्नाशीचा लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. सकाळी लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, आणि पूजेला पाणी चोखच लागतं, अशी त्याची शिस्त. त्यानं मला तो कागद वाचायला लावला. ऐकता ऐकता हातातलं फडकं त्यानं बाजूला ठेवलं.

"हे कोण सांगितलं? साहेब तर नाही सांगत असं."

मी सांगितलं. कानफाट्याचंही सांगितलं. तो दाढी खाजवत राहिला, मग उठून साहेबांकडं गेला. "साहेब, आज बाजार आहे. धा मेंढे भरून बघू की. डिझेल काय लागत नाही त्याला."

साहेबांना नको होतं. पण बाजारात माणसं जमली होती आणि डॉक्टर म्हणाले, बघू. वेगवेगळ्या मालकांचे दहा मेंढे आणले. हौद्याला फळी लावली. डॉक्टर, क्लीनर आणि चार गडी कामाला लागले. एकानं शिंगं धरायची, दुसऱ्यानं ढुंगण ढकलायचं. मेंढा फळीवर दोन पावलं जायचा आणि चारही पाय रोवायचा. एक मेंढा मधूनच खाली पडला आणि लंगडायला लागला. दुसऱ्यानं डॉक्टरांच्या गुडघ्यावर अशी धडक दिली की ते मटकन बसले. अर्ध्या तासात तीन चढले.

"डॉक्टर, तुमीच चडा आदी," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "मागनं येत्याल."

मी दगडाबाईला बोलवायला गेलो नव्हतो. ती बाजारात होतीच, कानफाट्या पायाशी बसलेला. ती उठली, जिभेनं टाळूवर एक आवाज काढला आणि फळीच्या कडेला उभी राहिली. कानफाट्यानं फळी हुंगली, सातही मेंढ्यांच्या मधून अंग घासत एक फेरा मारला आणि आपल्या गोठ्यात शिरावा तसा वर गेला. त्याच्यामागं एक मेंढा. मग दुसरा. मग दोऱ्यात मणी ओवावेत तसे पाचही. एवढ्या बाजारात खुरांचा फळीवरचा आवाज ऐकू येत होता.

"भरलं," दगडाबाई म्हणाली. "आता च्या घ्या."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "ठीक आहे. मेंढा न्या," ते म्हणाले आणि कागदावर लिहिलं : एक मेंढा. पेनाला टोपण लावलं.

"आणि मावशी?" मी विचारलं.

"काम मेंढा करतो आहे ना?"

वाचणाऱ्यानं इथं जरा थांबावं. मेंढ्याला जागा मिळाली. सरकारी कागदावर, सही-शिक्क्यासह, खच्ची केलेल्या जनावराला जागा मिळाली. त्याला वाढवणाऱ्या, त्याला चालायला शिकवणाऱ्या बाईला मिळाली नाही. मला वाटलं ती आता कानफाट्याला घेऊन घरी जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो. पण ती म्हणाली, "निगायच्या दिशी आनून देते." तिच्या डोळ्यांपुढं ते चाळीस मेंढे होते.

मार्चच्या सहा तारखेला सकाळी ट्रक निघाला. नारळ फुटला, बॉनेटला हार घातला. दगडाबाईनं कानफाट्याच्या कपाळाला भंडारा लावला, त्याला हौद्यात चढवलं आणि खाली उतरून, काठी घेऊन, कुणाकडं न बघता रस्त्याला लागली. मागं वळून बघितलं असतं तर कानफाट्यानं उडी मारली असती. म्हणून तिनं बघितलं नाही. ट्रक गेला. साहेब आत येऊन चहाला बसले.

ते कपातला चहा बशीत ओततात तोवर बाहेर ट्रकचा आवाज आला. मला वाटलं दुसरा असेल. हार तोच होता.

मागाहून शिवलिंगप्पानं मला सांगितलं ते असं. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी ती चालताना दिसली. त्यानं गाडी थांबवली, दार उघडलं आणि आईला हाक मारावी तसं म्हणाला, "अव्वा, बस." डॉक्टरांचा गुडघा अजून सुजलेला होता. ते क्लीनरच्या अंगावर सरकले. दगडाबाईनं पाय वर टाकला नाही.

"मी चोरून बसायची न्हाय," ती म्हणाली. "वड्यापाशी चडले आन् वड्यापाशी उतरले तर मी गेले हुते हे कोन म्हननार? बसीवनार असलास तर सोसायटीच्या दारातनं बसीव."

"मग काय करू?"

"गाडी फिरीव."

निघालेली गाडी मागं फिरवणं ड्रायव्हर लोक अपशकुन मानतात. शिवलिंगप्पानं गळ्यातल्या डबीला हात लावला आणि गाडी फिरवली.

आता तो खोलीच्या दारात उभा होता. मागं पायरीखाली दगडाबाई.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी मालकाची, पण चाक माझ्या हातात. नऊ विहिरी कागदात आहेत, खरं आहे. कुठल्या पाण्याला शिवायचं नाही ते ह्या अव्वाच्या नाकाला कळतंय. मी पूजेला कसलंही पाणी घेत नाही. ती बसली तर गाडी जाते."

"मंजुरीत तिचं नाव नाही."

"मग घाला की. पेन आहे, शाई आहे, मास्तर पण आहे."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. पंचवीस दिवस उरले होते. दुसरा ड्रायव्हर, दुसरा ट्रक मिळेतो मार्च निघून गेला असता. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिहा. चौथी जागा, दगडाबाई. स्वयंपाकी."

"भाकऱ्या मी करीन," पायरीखालून आवाज आला. "मला बी भूक लागती. पर तसं लिवायचं न्हाय."

"मग काय लिहू, मावशी?"

"जे करनार हाय ते."

मी लिहिलं : दगडाबाई, वाट आणि पाणी बघणार. अक्षर मुद्दाम मोठं काढलं. साहेबांनी सही केली. सगळ्यांच्या समोर ती पुढच्या चाकावर पाय देऊन वर चढली, खिडकीशी बसली, काठी दोन गुडघ्यांत धरली. हौद्यातून कानफाट्या एकदा ओरडला.

सत्तावीस मार्चला ट्रक परत आला. फळी लावली. आधी कानफाट्या उतरला, मग त्याच्यामागं एकेक करून अडतीस उंच, काळ्या तोंडाचे मेंढे सांगोल्याच्या मातीत उतरले. दोन वाटेत गेले होते. आज आमच्या अकरा वस्त्यांत जी उंच पायांची, लांब कानांची कोकरं दिसतात ती त्यांची पुढची पिढी.

चौकट महिन्याभरानं आली. आत तो पहिला टाइप केलेला कागद होता, तीन नावांचा. माझ्या अक्षरातला, तिच्या नावाचा, सहीचा कागद कचेरीत जमा झाला. मी तीनदा मागितला. सापडत नाही म्हणाले. साहेबांची बढती होऊन बदली झाली. निरोपाच्या सभेत वाळवंटाचं वर्णन त्यांनी असं केलं की ऐकणाऱ्याला तहान लागावी. ते तिथं कधी गेलेच नव्हते.

दगडाबाई कचेरीत काही सांगायला गेली नाही. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सोलापूरला जाऊन आली. बहीण आहे, एवढं त्या म्हाताऱ्याला सांगायला. आणि त्याच्या गावची सातवी विहीर आता खारी झाली आहे, हेही. त्याच्या गावची माणसं आता अर्ध्या कोसावरच्या नव्या विहिरीवर जातात. कानफाट्यानं सातव्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावलं आणि मागं घेतलं, तेव्हाच तिला कळलं होतं. कागदावर विसंबले असते तर मेंढे तिथंच बसले असते. हे ऐकून म्हाताऱ्यानं फेटा काढून मांडीवर घेतला, असं ती म्हणाली.

मग एके दिवशी ती सोसायटीत आली. चौकटीकडं बोट करून म्हणाली, "काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. खालची तीन नावंही वाचली. माझा आवाज चढला होता. मी म्हणालो, मावशी, मी ही काच फोडतो आणि तुझं नाव घालतो.

तिनं काठी भिंतीला टेकवली. "सातवी इहीर काय म्हनून लिवलीय त्यात?"

"गोड."

"खाली नावं त्येंचीच?"

"त्यांचीच."

"मग ऱ्हाऊ दे तसंच. चुकी त्येंच्या नावावर ऱ्हाईल," ती म्हणाली आणि काठी उचलून दाराकडं वळली. उंबऱ्यात थांबली. "पर तिकडं कुनी जानार असंल, तर हा कागुद दाखवू नगंस. माज्याकडं धाड."